बावन्न, लव्ह ऑल

"फिफ्टी-टू लव्ह ऑल थ्री," ती एका दमात म्हणाली आणि खांद्यावरची पिशवी उतरवून तीन रॅकेटी काउंटरवर ठेवल्या.

मी वही ओढून लिहिलं : बावन्न पूर्णांक शून्य शून्य. नग तीन.

तिचं इंग्रजी माझ्या ओळखीचं नव्हतं. रेडिओवरच्या बातम्यांत असतं तसं ते सुटं सुटं नव्हतं, शब्द एकमेकांना ढकलत बाहेर पडत होते. पण आकडा मी नीट ऐकला होता. त्याच्या पुढचं तर कुणीही सांगितलं असतं. लव्ह म्हणजे शून्य आणि लव्ह ऑल म्हणजे शून्य-शून्य, हे शाळेत बॅडमिंटनच्या नेटपाशी उभ्या राहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. पंच 'लव्ह ऑल, प्ले' म्हणाला की खेळ सुरू. म्हणजे तारांचा ताण बावन्न पौंड, आणि दशांशचिन्हापुढे दोन शून्यं. परदेशी खेळाडूंचं सगळं काटेकोर असतं असं ऐकून होते. हे फारच काटेकोर होतं, एवढंच.

"कधी हव्यात?" मी विचारलं.

"उद्या दोनपर्यंत. जमेल?"

मी मान हलवली. इंग्रजीत मी शक्यतो मानेनंच बोलत असे.

ही गोष्ट दोन हजार दोन सालच्या डिसेंबरातली. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करून मी सोलापूरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होते. सकाळचे तास संपले की नव्या पेठेत काकांच्या दुकानी जायचं. हत्तुरे स्पोर्ट्स. कॅरमच्या सोंगट्या, लेझीम, बक्षिसाचे कप आणि रॅकेटींचं गटिंग. गटिंग, म्हणजे रॅकेटीत तारांची जाळी भरणं, मला काकांनी शाळेत असतानाच शिकवलं होतं. त्यांची नजर अधू झाल्यापासून ते काम माझ्याकडेच होतं.

त्या आठवड्यात जिमखान्यावर बायकांची टेनिस स्पर्धा भरली होती. व्यावसायिक स्पर्धाच, पण सगळ्यात खालच्या पायरीवरची. जगाच्या यादीत पाचशे-सातशेव्या नंबरावर असलेल्या मुली आठवड्याला एक गाव करत फिरायच्या. त्यांचं गटिंग करायला पुण्याहून येणारा माणूस ऐनवेळी काविळीनं आडवा झाला, म्हणून जिमखान्याचे सेक्रेटरी बिराजदार त्या इंग्रज बाईला स्वतः आमच्याकडे घेऊन आले होते.

ती दारात उभी राहून लेझीम वाजवून बघत होती तेवढ्यात ते काकांच्या कानाशी लागले.

"मल्लूअण्णा, जरा जपून करायला सांगा. जो हॅकेट नाव आहे बाईचं. एकोणतीस वर्षांची, इंग्लंडातल्या हल नावाच्या बंदराची. यादीत सातशे बारावी."

"सातशे बारा?" काका म्हणाले. "मग जपायचं काय त्यात?"

"तसं नाही ओ. यादीत राहायचं तर वर्षभरात निदान तीन स्पर्धांत गुण लागतात. हिचे बरोबर तीन. त्यातला एक येत्या सोमवारी जुना होऊन गळतोय. इथं एक मॅच जिंकली तर राहिली. नाही जिंकली तर सोमवारपासून यादीत नावच नाही. अकरा वर्षं आहे म्हणे त्या यादीत. नाव गेलं तर खेळ सोडणार, असं ती स्वतःच सांगत होती."

काकांनी चष्मा वर करून दाराकडे पाहिलं. ती उंच बाई लेझीम चुकीच्या हातात धरून मन लावून वाजवत होती.

"मंगल," काका मला म्हणाले, "बाईचं काम नीट कर गं."

*

नीट करायचं, तर आधी मशीनवर विश्वास हवा. आमचं मशीन काकांनी पंचाऐंशी साली मुंबईहून जुनं म्हणून आणलं होतं. एक आडवी दांडी, तिच्यावर सरकणारं लोखंडी वजन आणि दांडीवर पौंडांच्या खुणा. वजन बावन्नच्या खुणेवर ठेवायचं, तार चिमट्यात धरायची आणि दांडी आडवी होईपर्यंत सोडायची. मी शेकड्यांनी रॅकेटी भरल्या होत्या, पण ती खूण खरं बोलते का, असं एकदाही विचारलं नव्हतं. बावन्न म्हणणाऱ्या माणसाला पन्नासही चालतात, चोपन्नही चालतात. बावन्न पूर्णांक शून्य शून्य म्हणणाऱ्या माणसाला नाही.

मी कॉलेजात गेले. विभागप्रमुख कोरे सरांना विचारून प्रयोगशाळेतली प्रमाणित वजनं रिक्षात घालून आणली. बावन्न पौंड म्हणजे तेवीस किलो पाचशे सत्त्याऐंशी ग्रॅम. रिक्षावाल्यानं पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, "काय सोनं नेतायसा की काय, बाई?"

दुकानात तार कप्पीवरून सोडून तिला ती वजनं टांगली आणि दांडी आडवी करून बघितली. मग पुन्हा बघितली. मग खुर्चीवर बसले.

"काय झालं?" काका म्हणाले.

"काका, आपले बावन्न म्हणजे साडेएकोणपन्नास आहेत."

"असं कसं होईल?"

"या दांडीवरचं वजन मूळचंच आहे ना?"

काका थोडा वेळ कपांवरची धूळ झटकत राहिले. "मूळचं एकदा हरवलं होतं," ते म्हणाले. "तेव्हा शेजारच्या चनबसप्पाच्या किराणातलं घेतलं. दिसायला तसंच होतं की."

"आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून एकानंही तक्रार केली नाही." मग माझा चेहरा बघून म्हणाले, "अगं, तू कशाला एवढं टेन्शन घेतीस?"

"काका, टेन्शनच तर बरोबर घ्यायचंय."

ते मोठ्यानं हसले, आणि मग घरी फोन करून त्यांनी काकूंना सांगितलं की मंगल आज इथंच जेवेल, डबा पाठव.

जुन्या खुणा पुसून मी नव्या खुणा केल्या. पहिलं शून्य त्या संध्याकाळीच जवळजवळ हाती आलं. दुसरं येईना. तीच तार, तेच वजन, तीच मी, तरी दहा वेळा मोजलं की दहा आकडे. फरक फार नव्हता, एक-दोन दशांश पौंडांचा. पण शतांशाचं नावच नको. कोरे सर प्रॅक्टिकलच्या वहीत लाल शाईनं लिहायचे, 'शून्य फुकट मिळत नाही.' दशांशचिन्हापुढे शून्य लिहिलंत म्हणजे तिथवर मोजलं अशी सही केलीत. जे मोजलं नाही ते लिहायचं नाही. शून्यसुद्धा नाही.

मंगळवारी सकाळी सहाला दुकान उघडलं. पंखा बंद ठेवला, उन्हाच्या बाजूला चादर बांधली. उभ्या सोळा तारा, आडव्या एकोणीस. प्रत्येक तार ओढली की मनात दहा आकडे मोजायचे आणि मगच पकडीत अडकवायची. एरवी पाऊण तासात होणारी रॅकेट त्या दिवशी अडीच तास घेत होती. काका आले, एक रॅकेट कानाशी धरून तिच्या तारेवर त्यांनी नख मारलं, मग दुसरीच्या.

"दोघी एकच सूर लावायल्या," ते म्हणाले. "देवळातल्या घंटा लावाव्या तशा."

दीड वाजता तिसरी झाली. प्रत्येक मुठीला मी चिठ्ठी बांधली. बावन्न पूर्णांक शून्य, अधिक-उणे शून्य पूर्णांक दोन, तापमान एकोणतीस. चिठ्ठीवर शून्य एकच होतं. मागितली होती दोन. ते तोंडानं सांगायला हवं होतं, आणि इंग्रजीत सांगायला हवं होतं. वाक्य पाठ करत करत मी सायकलनं जिमखान्यावर गेले.

*

कोर्टामागच्या चिंचेखाली जो एकटीच बाकावर बसली होती. तिच्यापासून दहा पावलांवर, पायरीवर, दुसरी इंग्रज मुलगी पाठ करून बसली होती. बेव्हर्ली, सगळे बेव्ह म्हणत. एकोणीस वर्षांची, लाल केसांची, दंडावर सनबर्नचे पापुद्रे. दोघी सहा आठवडे एकत्र फिरत होत्या. एकच खोली, एकच इस्त्री, दोघींत मिळून एक मच्छरदाणी. पुण्याहून येताना बसमध्ये बेव्ह जोच्या खांद्यावर झोपून आली होती, असं बिराजदार सांगत होते. आता त्या बोलत नव्हत्या.

कारण फळ्यावर होतं. सकाळी चिठ्ठ्या काढून जोड्या ठरल्या होत्या. पहिली फेरी, बुधवार, साडेनऊ : हॅकेट विरुद्ध बेव्हर्ली प्राइस.

मी रॅकेटी पुढे केल्या आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "ओन्ली वन झीरो, मॅडम. व्हेरी सॉरी."

जोनं माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. "खरंय," ती म्हणाली. "हरले तर शून्यच."

तिला वाटलं मी गुणांबद्दल बोलतेय. मी मनात दुसरं वाक्य जुळवायला लागले. एवढ्यात पायरीवरून बेव्ह बोलली.

"मी आजारी पडू शकते. पोट बिघडलं म्हणून सांगते. कुणीही विश्वास ठेवेल."

"नाही," जो म्हणाली.

"माझ्याकडे आठ स्पर्धांचे गुण आहेत. मला एक कमी झाल्यानं काय होणारे?"

"बेव्ह, उद्या तू मला एक पॉइंट जरी दिलास ना, तर मला कळेल. तुझा बॅकहँड मी तुझ्या आईपेक्षा जास्त वेळा पाहिलाय. आणि मला कळलं, तर मी पुढच्या स्पर्धेला, नागपूरला, वेगळ्या बसनं जाईन."

"तू हरलीस तर नागपूरला येणारच नाहीस!"

काकूंनी माझ्याबरोबर शेंगापोळ्या दिल्या होत्या. मी डबा बाकावर ठेवला. जोनं एक तुकडा मोडला, चावला, भुवया उंचावल्या, उठून पायरीपर्यंत गेली आणि उरलेली पोळी न बोलता बेव्हच्या हातात दिली. बेव्हनं ती न बोलता खाल्ली.

एका शून्याची गोष्ट तिथं काढण्यासारखी नव्हती. मी परत आले.

*

बुधवारी मी दोन तास बुडवले. तासिका तत्त्वावर बुडवलेला तास म्हणजे बुडवलेलाच, पण घरी बसवेना. काका दुकान बंद करून आले. कुंपणाजवळ आम्ही, बिराजदार, क्लबातले चार निवृत्त लोक आणि माळी. एवढेच प्रेक्षक.

पहिला सेट जोनं सहा-एक घेतला. आमच्या शेजारचे निवृत्त लोक टाळ्या वाजवत होते. काका हळूच म्हणाले, "ती लहान पोरगी खेळेना की."

खरं होतं. बेव्हचे फटके दिसायला जोरदार होते आणि दर तिसरा नेटमध्ये जात होता. बाजू बदलताना दोघी आमच्या समोरच्या खुर्च्यांवर बसल्या. पंच पाणी पीत होता. जो टॉवेलमध्ये तोंड घालून बोलली, पण मला ऐकू आलं.

"दान नकोय मला."

"मी खेळतेय," बेव्ह म्हणाली.

"तू माझा अपमान करतेयस. अकरा वर्षं मी याच्यासाठी फिरले का? तुझ्याकडून भीक घेऊन यादीत राहायला?"

बेव्हनं पाण्याची बाटली जोरात खाली ठेवली. तिचे कान लाल झाले होते. त्यानंतर ती खेळली.

मला टेनिसमधलं फार कळत नाही. पण दोन वस्तूंमधला चेंडू कसा वागतो ते कळतं, आणि त्या सकाळी जोचा चेंडू तिनं सांगितलं तसा वागत होता. बेव्ह ताकदीनं मारायची. जो नुसती रॅकेट पुढे धरायची आणि चेंडू रेषेच्या आत वीतभर जाऊन पडायचा. एकदा इकडच्या कोपऱ्यात, एकदा तिकडच्या. दोनदा तिनं फटका मारून झाल्यावर रॅकेटीकडे बघितलं, नवीन माणसाकडे बघावं तसं. दुसरा सेट बेव्हनं घेतला, सात-पाच. तिसऱ्यात दोघी सहा-सहावर आल्या. दोन तास चाळीस मिनिटं झाली होती. निवृत्त लोकांपैकी एकानं खिशातली गोळी घेतली.

टायब्रेक. सात-सहा, जो पुढे. आणखी एक पॉइंट, की नाव राहिलं. काकांनी माझं मनगट धरलं. बेव्ह नेटपाशी धावत आली आणि जोनं चेंडू तिच्या डोक्यावरून उंच सोडला. अगदी हवा तसा. चेंडू वर गेला, थांबल्यासारखा झाला आणि रेषेच्या मागे पडला.

चार बोटं मागे. खूण लाल मातीत उठली होती, कुंपणातून मला स्वच्छ दिसली. माझी चार बोटं सात सेंटिमीटर भरतात.

मग आठ-सात, आणि नऊ-सात, बेव्ह.

नेटवर दोघींनी मिठी मारली. रडली ती जिंकलेली. जो तिच्या पाठीवर थापटत होती, मूल निजवावं तसं.

मी गणित करत होते. अधिक-उणे शून्य पूर्णांक दोन पौंड. ताण तेवढ्यानं कमी असला, तर चेंडू किती लांब जाईल? फार नाही. सात सेंटिमीटर तर नाहीच बहुधा. पण 'बहुधा' हा शब्द मला आवडत नाही. तिनं दोन शून्यं मागितली होती आणि मी एक दिलं होतं.

"काका, मी येते," मी म्हटलं.

*

ती पायरीवर बसली होती, दोन्ही पाय पाण्याच्या बादलीत. बेव्ह तिच्या शेजारी, डोळे सुजलेले. मी समोर उभी राहिले. कॉलेजात शंभर पोरांपुढे बोलताना वाटत नाही इतकी भीती वाटत होती.

"मॅडम, चूक माझी आहे," मी म्हटलं. "तुम्ही दोन शून्यं मागितली होती. माझ्या मशीनवर एकच निघतं. मी काल सांगायचा प्रयत्न केला. शेवटचा चेंडू सात सेंटिमीटर बाहेर गेला. त्यातलं माझं किती, ते मला नक्की सांगता येत नाही."

जोनं बेव्हकडे पाहिलं. बेव्हनं खांदे उडवले.

"कसली शून्यं?" जोनं विचारलं.

मी वही आणली होती. पान उघडून दाखवलं. "तुम्ही म्हणालात तेच लिहिलंय. फिफ्टी-टू, लव्ह ऑल. थ्री."

दोघी पानावर वाकल्या. मग बेव्हच्या नाकातून एक विचित्र आवाज आला. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

"जो," ती म्हणाली, "तू तिला 'लव्ह' म्हणालीस."

"काय?"

"फिफ्टी-टू, लव्ह. पूर्णविराम. ऑल थ्री. तिनं लव्ह ऑल ऐकलं! शून्य-शून्य!"

जोचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग ती हसायला लागली. बादली कलंडली, पाणी माझ्या चपलांवरून वाहून गेलं, तरी ती हसतच होती, बेव्हच्या गुडघ्यावर डोकं टेकून. त्या हसण्यात मध्येच रडणंही येऊन गेलं असावं, पण ते वेगळं काढता आलं नसतं.

"अगं," ती शेवटी म्हणाली, "आमच्या हलमध्ये सगळेच सगळ्यांना लव्ह म्हणतात. पाववाला, बस कंडक्टर, दात उपटणारा डॉक्टरसुद्धा. तुमच्यात नाही का असं काही?"

मी विचार केला. "बाई म्हणतात," मी म्हटलं. "रिक्षावाला म्हणतो."

"तर मी तुला म्हणाले, बावन्न, बाई. तिन्हीला."

आता मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. कान तापले. कोरे सरांची वजनं, पुसलेल्या खुणा, बंद पंखा. सगळं एका 'बाई'साठी.

जोनं शेजारची रॅकेट उचलली. मुठीची चिठ्ठी अजून तशीच होती. तिनं ती पहिल्यांदाच वाचली.

"हे अधिक-उणे काय आहे?"

"यापलीकडे मला खात्री नाही, असं."

"आणि एकोणतीस?"

"तापमान."

"कसं केलंस हे?"

मी सांगितलं. किराणातल्या वजनाचंही सांगितलं. दहा आकडे मोजण्याचं सांगितलं. माझं इंग्रजी मधूनमधून अडखळत होतं, पण आकडे अडखळत नव्हते.

जोनं तारेवर बोट फिरवलं. "अकरा वर्षांत मी दर आठवड्याला वेगळ्या माणसाकडून गटिंग करून घेतलं," ती म्हणाली. "कधी घट्ट, कधी सैल. आणि प्रत्येक वेळी हरले की खोलीवर येऊन तारा दाबून बघायची. म्हणायची, बघ, सैल होत्या. म्हणून मॅच गेली. विचार हिला."

"दर वेळी," बेव्ह म्हणाली.

"आज दुसऱ्या सेटपासून मला कळत होतं की या सैल नाहीत. घट्टही नाहीत. मी जिथं टाकीन तिथं चेंडू जातोय. म्हणजे शेवटचा बाहेर गेला तो मी टाकला म्हणून." तिनं रॅकेट मांडीवर ठेवली. "तुझं त्यात काही नाही. एक शून्यभरही नाही."

"पण मग..." मी म्हटलं.

"मग मी इतकी चांगली आहे, हे आज मला कळलं. आयुष्यात इतकी चांगली खेळले नव्हते मी." तिनं चिठ्ठीवरून अंगठा फिरवला. "इतकी. आणि इतकीच."

"अधिक-उणे थोडं," बेव्ह पुटपुटली.

"अधिक-उणे थोडं," जो म्हणाली आणि तिच्या लाल केसांवर टपली मारली.

उपकरणाचा दोष काढून टाकला की उरतं ते खरं माप, हे मी पोरांना दर जूनमध्ये शिकवत असे. ते माप कुणाच्या तरी पदरात जाऊन पडतं, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. मी तिथंच ओल्या पायरीवर बसले. त्यांच्याकडे राहिलेल्या कालच्या डब्यात एक शेंगापोळी उरली होती. तिचे तीन तुकडे केले.

*

शनिवारी त्या दोघी गेल्या. बेव्ह नागपूरला, जो मुंबईमार्गे घरी. स्टँडवर नागपूरची बस आधी सुटली. बेव्ह मागच्या काचेतून हात हलवत राहिली आणि जो बस वळेपर्यंत उभी राहिली. मग तिनं त्या तीन रॅकेटींतली एक माझ्या हातात दिली. "हिच्या तारा कापू नकोस," एवढंच म्हणाली.

सोमवारी नवी यादी आली. बिराजदारांनी जिमखान्याच्या फळ्यावर लावली. सातशे बाराव्या जागी कुणा रोमेनियाच्या मुलीचं नाव होतं. आधीच्या आठवड्याचा कागद ते फेकणार होते, तो मी मागून घेतला आणि गटिंगच्या वहीत, त्या पानासमोर चिकटवला.

काका गेले त्याला आता नऊ वर्षं झाली. दुकानात चुलतभावानं विजेवर चालणारं मशीन आणलंय. ते आपोआप दशांशापर्यंत आकडा दाखवतं, आणि त्यावर कुणाला शंका येत नाही. जुनं मशीन माझ्या घरी आहे. माझ्या विद्यार्थ्यांना मी दर वर्षी ते दाखवते. बावन्न आणि बावन्न पूर्णांक शून्य यांत फरक काय, असं विचारते. ती रॅकेटही दाखवते. तारा अजून त्याच आहेत. आता कितीवर आल्या असतील ते मोजता येईल. मी मोजलेलं नाही.

गेल्या मार्चमध्ये दुकानाच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. पत्ता म्हणून फक्त 'हत्तुरे स्पोर्ट्स, सोलापूर'. पोस्टमननं भावाला विचारलं, "इंग्लंडात कोण आहे ओ तुमचं?"

पत्र एका पानाचं होतं. जो हलमधल्या एका शाळेत खेळ शिकवते. शाळेच्या जुन्या रॅकेटींचं गटिंग ती स्वतःच करते, घरामागच्या शेडमध्ये, हातानं चालवायच्या मशीनवर. पहिल्या दिवशी तिनं त्याला वजनं टांगून पाहिली. मशीन दोन पौंड खोटं बोलत होतं. आता प्रत्येक मुठीला ती चिठ्ठी बांधते, आणि मुलं विचारतात, मिस, हे अधिक-उणे काय असतं? बेव्ह दोनशे चाळीसपर्यंत पोचून थांबली, आता तिला जुळे मुलगे आहेत आणि तिला झोप मिळत नाही. त्या शेंगदाण्याच्या पोळीची कृती मिळेल का?

सोबत फोटो होता. समुद्राच्या काठावर, वाऱ्यानं केस उडालेली जो, मासळीची गाडी चालवणारा तिचा नवरा डॅनी आणि दोघांच्या मध्ये समोरचे दात पडलेली सातेक वर्षांची मुलगी. तिच्या हातात तिच्यापेक्षा मोठी रॅकेट.

पत्राच्या शेवटी सहीच्या जागी तीन शब्द होते. मी ते वाचले, चष्मा पुसला आणि परत वाचले. या वेळी स्वल्पविराम कुठं आहे ते नीट पाहिलं.

'लव्ह, ऑल थ्री.'